बंड पेटलं, पण दारूगोळ्यालाच पैसा नव्हता! वासुदेव बळवंत फडके सोलापूरच्या पलीकडे कसे सापडले?

गाणगापूर म्हटलं की सोलापूरकरांना आधी दत्तमहाराज आठवतात. पण 1879 साली याच गाणगापुरात इंग्रजांना हवा असलेला एक बंडखोर नव्या फौजेची जुळवाजुळव करत होता. त्याचं नाव वासुदेव बळवंत फडके.

फडक्यांचा जन्म 4 नोव्हेंबर 1845 चा, पनवेलजवळच्या शिरढोणचा. नोकरी पुण्यात, लष्कराच्या हिशेब खात्यात. आजारी आईसाठी त्यांनी रजा मागितली. ती वेळेवर मिळाली नाही आणि आईची भेटही झाली नाही. पुढे 1876 चा दुष्काळ आला. माणसं अन्नावाचून मरत असताना सरकार ढिम्म होतं. इंग्रजांचं राज्य उलथायचं, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं.

पण लढायचं कशानं?

लहुजी वस्ताद साळवेंच्या तालमीत ते शस्त्रं शिकले, असं सांगितलं जातं. बंड्यांच्या हाती लागणाऱ्या बंदुका ठासणीच्या होत्या. नळीत दारू ओतायची, गोळी सोडायची, गजानं ठासायची, मगच बार उडायचा. पुन्हा बार काढायचा तर सगळं पहिल्यापासून. नेम बसायला सराव हवा आणि सरावाचा प्रत्येक बार म्हणजे दारू आणि शिशाचा खर्च. समोरच्या गोऱ्या पलटणींकडे मात्र मागून काडतूस भरायच्या झटपट बंदुका होत्या.

त्यात 1878 चा शस्त्र कायदा आला. बंदूकच काय, दारूगोळा बाळगायलाही परवाना लागू लागला. युरोपियनांना मात्र सूट! म्हणजे शस्त्रं मिळवायची तर चोरूनच आणि त्यासाठी लागणार पैसा.

फडक्यांनी सावकारांकडे मदत मागितली, ती मिळाली नाही. मग फेब्रुवारी 1879 मध्ये रामोशी साथीदारांसह धामारीवर दरोडा पडला. पाठोपाठ इतर गावं लुटली गेली. मे महिन्यात त्यांचे खंदे साथीदार दौलतराव नाईक मेजर डॅनियलच्या तुकडीशी लढताना मारले गेले आणि बंडाचा कणाच मोडला.

मग फडके निजामाच्या मुलखात, गाणगापूरकडे वळले. तिथे शस्त्रं चालवण्यात मुरलेल्या रोहिल्यांची भरती सुरू झाली. पण रोहिल्यांनाही आगाऊ पैसा हवा होता. घोडं पुन्हा तिथेच अडलं.

डॅनियल मागावर होताच. जुलै 1879 मध्ये आजच्या विजयपूर जिल्ह्यातल्या देवर नावदगी गावात थकलेले फडके झोपेतच पकडले गेले. पुण्यातल्या खटल्यात सार्वजनिक काका त्यांच्या बाजूनं उभे राहिले. शिक्षा झाली जन्मठेप, काळ्या पाण्याची. एडनच्या तुरुंगातून ते दार उखडून पळाले, पण पुन्हा सापडले. 17 फेब्रुवारी 1883 रोजी तिथेच त्यांचा मृत्यू झाला.

आणि तो शस्त्र कायदा? देश स्वतंत्र झाल्यावरही तो लागू होता. त्याच्या जागी नवा कायदा आला थेट 1959 मध्ये.