निवडुंगाच्या धारा मोजणारा इंजिनिअर

दिंडोशीच्या इमारतींतून फिरताना गॅलरीच्या कुंडीत खांबासारखे ताठ वाढलेले एखादे हिरवे, काटेरी झाड हमखास दिसते. घरची मंडळी त्याला कौतुकाने कॅक्टस म्हणतात. पुष्कळदा तो कॅक्टस नसतोच! आपल्याकडच्या अशा झाडांची लक्षणे ज्यांनी कसोशीने लिहून ठेवली, ते थिओडोर कुक मूळचे रेल्वेचे इंजिनिअर. तीही दिंडोशीच्या पश्चिमेने जाणाऱ्या याच रेल्वेचे.

आयर्लंडमध्ये १८३६ साली जन्मलेले कुक १८६० मध्ये बी.बी.सी.आय. रेल्वेत आले. वसईच्या खाडीवरचा जुना लोखंडी पूल त्यांनी बांधला. १८६५ मध्ये ते पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजचे प्राचार्य झाले आणि तिथे वनस्पतींचा नाद लागला, तो सुटलाच नाही. १८९३ मध्ये निवृत्त होऊन ते इंग्लंडला परतले. मुंबई इलाख्यातील वनस्पतींवरचा त्यांचा मोठा ग्रंथ त्यानंतरचा. १९०१ ते १९०८ या काळात तो भागाभागाने निघाला. शेवटचा भाग आला तेव्हा साहेब बहात्तर वर्षांचे होते.

लिहायचे क्यूच्या उद्यानात बसून, आणि झाडे मात्र समुद्रापार! इतर वनस्पतींचे वाळवलेले नमुने तरी कामी येतात. निवडुंग दाबून वाळवला की त्याच्या धारा चपट्या होतात, पाने गळतात. तिथे जिवंत झाडाजवळ केलेल्या नोंदींवाचून गत्यंतर नसते.

आपले बहुतेक निवडुंग युफोर्बिया कुळातले. फांदीला तीन ठसठशीत धारा असतील तर तो त्रिधारी. गाठींच्या पाच अस्पष्ट, पिळदार रांगा असतील तर कुंपणाचा थोर. काटा मुळीच नाही आणि फांद्या पेन्सिलीएवढ्या गोल, तो शेर. काटे असले तर जोडीजोडीने येतात, आणि खरचटले की पांढरा चीक येतो. खरा कॅक्टस अमेरिकेचा. त्याचे काटे लवेच्या छोट्या गादीतून झुबक्याने निघतात आणि त्याला सहसा असा चीक नसतो. (चीक काढून पाहण्याचा मोह मुलांना होऊ देऊ नका, डोळ्यांत गेला तर मोठी इजा होते. काटे पाहूनच ओळखावे.)

कुकसाहेबांनी झाडांची देशी नावेही नोंदवली, हे मला विशेष वाटते. ग्रंथ पुरा झाल्यावर दोनच वर्षांनी, १९१० मध्ये, ते निवर्तले. पुढे १९५८ मध्ये भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेने तो पुन्हा छापला.