आचार्य विनोबा आणि शासनमुक्त समाज

सज्जनहो, सरकारच नसलं तर समाज चालेल का? हा वाद पारावर निघतो, तसाच दिंडीच्या मुक्कामावरही निघतो. नुसता वाद न घालता ज्यांनी हा प्रश्न गावोगाव पायी फिरून तपासून पाहिला, त्या विनोबाजींचे चरित्र आज आपण पाहू.

विनोबाजींचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी आताच्या रायगड जिल्ह्यातील गागोदे गावी झाला. आई मोठी भाविक. १९१६ साली परीक्षेसाठी मुंबईस निघालेला हा मुलगा वाटेतच गाडी सोडून काशीस गेला, आणि तिथून महात्माजींच्या आश्रमात. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर प्रवचने केली. साने गुरुजींनी ती उतरून घेतली.

पुढे १९५१ साली ते तेलंगणात गेले. तिथे जमिनीपायी रक्त सांडत होते. १८ एप्रिलला पोचमपल्लीच्या दलित बांधवांनी ८० एकर जमीन मागितली. विनोबाजींनी ती मागणी गावापुढेच ठेवली. रामचंद्र रेड्डी उठले आणि १०० एकर देऊन मोकळे झाले! मग सुमारे तेरा वर्षे ही पदयात्रा चालली, चाळीस लाखांहून अधिक एकरांची दाने जाहीर झाली. १९५८ साली ते पंढरीसही आले आणि अन्यधर्मीय सोबत्यांसह विठ्ठलाचे दर्शन घेतले. १९६० साली चंबळच्या खोऱ्यात २० बागींनी त्यांच्यापुढे शस्त्रे ठेवली.

त्यांचा विचार असा, की शासनहीन समाज निराळा आणि शासनमुक्त समाज निराळा. पहिल्यात बळी तो कान पिळी. दुसऱ्यात गाव एकमताने आपला कारभार पाहतो, म्हणून वरच्या दंडाची गरजच उरत नाही.

पण खरं ते सांगितलंच पाहिजे. दानातली पुष्कळ जमीन नापीक निघाली, कित्येक वाटलीच गेली नाही. दान पक्के करायला राज्यांना भूदानाचे कायदे करावे लागले. शस्त्रे ठेवलेल्या बागींनाही कोर्टाची पायरी चढावी लागली. म्हणजे सरकार काही सुटले नाही. १५ नोव्हेंबर १९८२ रोजी पवनारला विनोबाजींनी देह ठेवला, तोवर हे गणित पुरे सुटले नव्हते.

मग ते चुकले का? आम्हांस तसे वाटत नाही. माउलींच्या सोहळ्यातली समाजआरती आठवा. चोपदारांनी दंड उंचावला की हजारो टाळ थांबतात. ज्या दिंडीची तक्रार असेल तिचेच टाळ वाजत राहतात. चोपदार तिथे जाऊन गाऱ्हाणे ऐकतात आणि निवाडा होतो. तो दंड कुणाच्या पाठीवर पडत नाही. वारीच्या वाटेवर पाण्याचे टँकर आणि पोलीस सरकारचेच असतात, हेही खरे. पण टाळ थांबतात ते पोलिसाच्या धाकाने नव्हे. माणूस जितका स्वतःला आवरील, तितके सरकारचे काम हलके होईल, एवढे विनोबाजींकडून घेतले तरी पुष्कळ झाले.

रामकृष्णहरि.