बर्टा बोबाथ : ताठर हात ओळखणारी शिक्षिका

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो,

सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाची घट्ट मूठ आपण घाईत ओढून उघडतो ना? मग ही गोष्ट वाचाच.

बर्टा बोबाथ यांचा जन्म १९०७ सालचा, बर्लिनचा. त्याही शिक्षिकाच, पण जिम्नॅस्टिकच्या. ज्यू असल्यामुळे नाझी राजवटीत त्यांना देश सोडून लंडनला यावं लागलं. तिथे १९४० च्या दशकात पक्षाघात झालेल्या एका नामवंत चित्रकारावर त्या उपचार करत होत्या. त्याचा हात ताठ झाला होता. शरीराची ठेवण बदलली की हा ताठरपणा सैल होतो, हे बर्टांनी हेरलं. पुढे हीच पद्धत त्यांनी मुलांसाठी वापरली. पती डॉ. कारेल यांनी त्यामागचं शास्त्र मांडलं. १९९१ साली बर्टा गेल्या.

आज या पद्धतीत बदल झालाय. दुसऱ्याने हालचाल करून देण्यापेक्षा मुलाने स्वतः केलेला सराव जास्त उपयोगी ठरतो, असं आता दिसून आलंय.

म्हणून थेरपिस्टला विचारून मुलाला नीट बसवा, पाय जमिनीला टेकू द्या. आणि डबा त्याचा त्यालाच उघडू द्या. मधली सुट्टी संपली तरी चालेल!