सेवासदनच्या रमाबाई रानडे

समाजसेवा म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे प्रथम दानधर्म येतो. भुकेल्याला अन्न द्यावे, उघड्याला वस्त्र द्यावे, हे पुण्याचे काम आहेच. परंतु ज्याचा संसार मोडला, ज्याचा आधार गेला, अशा मोठ्या माणसाला पुन्हा स्वतःच्या पायांवर उभे करणे हे त्याहून अवघड काम आहे. त्यासाठी पैसा लागतो, त्याहून अधिक चिकाटी लागते, आणि सर्वांत अधिक त्या माणसाविषयी आदर लागतो. महाराष्ट्रात ज्या मोजक्या व्यक्तींनी हे काम संस्था उभारून केले, त्यांत श्रीमती रमाबाई रानडे यांचे नाव आदराने घ्यावे लागते.

रमाबाईंचा जन्म १८६२ साली आजच्या सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे या गावी कुर्लेकर घराण्यात झाला. माहेरचे नाव यमुना. मुलीने अक्षर शिकणे अशुभ मानण्याचा तो काळ. १८७३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, त्यांचा विवाह न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाला. रानडे त्या वेळी तिशी ओलांडलेले विधुर होते. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या या सुधारकाने वडिलांच्या आग्रहाखातर लहान मुलीशी लग्न केले, म्हणून त्यांच्यावर बरीच टीका झाली. ती अनाठायी होती असे म्हणता येणार नाही. मात्र रानड्यांनी एक गोष्ट लगेच केली. अक्षरओळख नसलेल्या आपल्या पत्नीला त्यांनी स्वतः शिकवावयास आरंभ केला. आधी मराठी, मग इंग्रजी.

हे शिक्षण सुखाचे नव्हते. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना सुनेने पाटी हातात घेणे मुळीच पसंत नव्हते. टोमणे, अबोला, चेष्टा हे रोजचेच झाले. रमाबाईंनी उलट उत्तर दिले नाही आणि अभ्यासही सोडला नाही. पुढे नाशिकच्या हायस्कुलातील समारंभात त्यांनी पहिले जाहीर भाषण केले. रानडे १८९३ साली हायकोर्टाचे न्यायाधीश झाले व बिऱ्हाड मुंबईस आले. तेथे रमाबाईंनी स्त्रियांसाठी भाषा, सामान्यज्ञान व शिवणकाम यांचे वर्ग चालविले. शिकण्याचे वय टळून गेलेल्या स्त्रीला पुस्तक उघडताना काय वाटते, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते.

१६ जानेवारी १९०१ रोजी न्यायमूर्ती रानडे वारले. रमाबाईंनी तेव्हा चाळिशीही गाठलेली नव्हती. त्या पुण्याच्या घरी परतल्या आणि सुमारे वर्षभर एकांतात राहिल्या. त्या काळच्या विधवेचे आयुष्य येथेच संपत असे. रमाबाईंचे खरे कार्य येथून सुरू झाले. १९०४ साली मुंबईत भरलेल्या भारत महिला परिषदेचे अध्यक्षस्थान त्यांनी स्वीकारले. त्या तुरुंगातील स्त्री-कैद्यांना नियमाने भेटावयास जाऊ लागल्या. रुग्णालयांत आजाऱ्यांना फळे-फुले व पुस्तके नेऊन देऊ लागल्या.

१९०८ साली बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल या दोघांनी मुंबईत सेवासदन काढण्याचे ठरविले आणि मार्गदर्शनासाठी ते रमाबाईंकडे आले. एक पारशी, एक सिंधी आणि अध्यक्षस्थानी एक मराठी विधवा, असा हा योग होता. पुढच्याच वर्षी, १९०९ साली, पुण्यात सेवासदनाचे काम सुरू झाले. त्यासाठी रमाबाईंनी आपले राहते घर मोकळे करून दिले. भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर या कामात त्यांचे प्रमुख सहकारी होते.

विधवांच्या शिक्षणासाठी पंडिता रमाबाईंचे शारदा सदन १८८९ साली व धोंडो केशव कर्वे यांचा अनाथ बालिकाश्रम १८९६ साली निघाला होता. सेवासदनाने या कामास रोजगाराची भक्कम जोड दिली. प्रौढ स्त्रियांना प्रथम लिहिणे-वाचणे, मग शिवण, भरतकाम असे हाताचे काम. ज्यांची तयारी असेल त्यांना शिक्षिकेचे किंवा परिचारिकेचे शिक्षण. १९१५ साली संस्थेची रीतसर नोंदणी झाली. स्त्रियांचे अध्यापन विद्यालय निघाले, वसतिगृहे निघाली. अभ्यासाच्या शेवटी हाताला पगाराचे काम मिळावे, हा हेतू प्रत्येक वर्गामागे असे.

परिचारिकेचे काम त्या काळी उच्चवर्णीय घरांत हलके मानीत. परक्या माणसाची शुश्रूषा करावयाची, रात्रपाळी करावयाची, आणि तेही विधवेने! पण इस्पितळांना शिकलेल्या परिचारिकांची गरज होती आणि विधवांना मानाच्या कमाईची. रमाबाईंनी या दोन गरजांची सांगड घातली. घरोघरच्या वडील मंडळींची समजूत घालून त्यांनी तरुण विधवांना ससून रुग्णालयात शिकावयास पाठविले.

१९२० नंतरच्या सुमारास सेवासदनाच्या वार्षिक संमेलनात घडलेला एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. बक्षीस घेण्यासाठी एक तरुण विधवा व्यासपीठावर आली. रूढीप्रमाणे केशवपन झालेले, अंगावर जुन्या वळणाचा वेष. तिला पाहून गॅलरीतील कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी हुर्यो केली. समारोपास उभ्या राहिलेल्या रमाबाईंचा संताप अनावर झाला. जिच्यावर दुर्दैवाने घाला घातला तिला हसणारे तुम्ही स्वतःला सुशिक्षित कसे म्हणवता, असे त्यांनी त्या तरुणांना सर्वांसमक्ष विचारले. सभागृहात शांतता पसरली. पदवी आणि शिक्षण या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे त्या तरुणांना त्या दिवशी कळले असावे.

आयुष्याच्या अखेरच्या वर्षांतही त्या थांबल्या नाहीत. पुण्यात मुलींचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे व्हावे यासाठी त्या झटल्या. १९२१-२२ च्या सुमारास मुंबई इलाख्यात स्त्रियांना मताधिकार मिळावा म्हणून चाललेल्या चळवळीत त्या अग्रभागी होत्या. आषाढी-कार्तिकीला स्वयंसेविका घेऊन आळंदीस जात आणि यात्रेकरू स्त्रियांच्या मदतीस उभ्या राहत. १९२४ साली त्यांचे निधन झाले, तेव्हा पुण्याच्या सेवासदनात हजाराहून अधिक स्त्रिया शिक्षण घेत होत्या. १९६२ साली त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त भारत सरकारने टपाल तिकीट काढले. २०१२ साली त्यांच्या जीवनावर दूरदर्शन मालिकाही आली, त्यामुळे आपल्या अनेक माताभगिनींना त्यांचे नाव परिचित आहे.

पालक बंधुभगिनींनो, हे चरित्र या स्मरणिकेत मांडण्याचे कारण आहे. शाळा लहान मुलांसाठी असते, असे आपण धरून चालतो. प्रगतिपुस्तकावर सही करताना एखादी माता संकोचून ते आपल्या मुलीच्याच हाती देते, तेव्हा आम्ही शिक्षक नजर दुसरीकडे वळवतो. पतीच्या निधनाने किंवा घर तुटल्याने जिच्यावर मुलांचा भार पडला आहे अशी एखादी बहीण प्रत्येक मोहल्ल्यात असते. आपण तिला सणासुदीला मदत पोहोचवतो आणि कर्तव्य संपले असे मानतो. पुढच्या सणाला ती त्याच दारात, तशीच उभी असते. तिला संध्याकाळचा एक वर्ग, शिवणयंत्रावर काम शिकण्याची सोय, परिचारिका अभ्यासक्रमाची माहिती आणि अर्ज भरताना कोणाची तरी सोबत मिळाली, तर काही वर्षांनी तीच दुसऱ्या एखादीचा हात धरील. शाळेची इमारत संध्याकाळी रिकामीच असते.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी गॅलरीतील तो प्रसंग पुरेसा आहे. उद्या तुमच्या आईच्या वयाची एखादी बाई पाटी-पुस्तक घेऊन वर्गात आली, तर तिला आधी बसावयास जागा करून द्या.