इब्नुल हैसम आणि ‘मकान’चा प्रश्न

पाण्याने भरलेली पखाल दाबली की पाणी बाहेर येते. कातडे मात्र तेवढेच राहते. याच साध्या दृष्टान्ताने एका मुस्लिम विद्वानाने ॲरिस्टॉटलचे मत खोडून काढले, हे आपणांस ठाऊक आहे काय?

अबू अली अल्-हसन इब्नुल हैसम यांचा जन्म इ. स. ९६५ च्या सुमारास बसऱ्यात झाला. नाईलच्या पाण्याचे नियमन करण्याची उमेद घेऊन ते फातिमी खलीफा अल्-हाकिम यांच्याकडे इजिप्तला गेले. वाटेत त्यांनी प्राचीन मिसरी लोकांची बांधकामे पाहिली. हे कार्य साध्य असते तर त्या कुशल लोकांनी ते केव्हाच केले असते, हे त्यांनी ओळखले आणि अस्वानजवळ प्रवाह पाहून अपयश कबूल केले. पुढे खलीफाच्या कोपाच्या भीतीने त्यांनी वेडाचे सोंग घेतले आणि १०२१ साली खलीफा जाईपर्यंत ते टिकवले, असे चरित्रकार सांगतात. नंतर अल्-अजहरजवळ राहून, युक्लिड व टॉलेमी यांच्या ग्रंथांच्या नकला करून ते उदरनिर्वाह करीत. ‘किताबुल मनाजिर’ या प्रकाशविषयक ग्रंथाने त्यांची कीर्ती अजरामर केली.

त्यांचा एक छोटा प्रबंध ‘मकान’ म्हणजे स्थान या विषयावर आहे. ‘पहिले गुरू’ मानले गेलेले ॲरिस्टॉटल म्हणत की, वस्तूला वेढणाऱ्या पदार्थाचा आतला पृष्ठभाग हेच तिचे स्थान. इब्नुल हैसम यांनी विचारले : पखालीतले पाणी घटले, पण वेढणारे कातडे तेवढेच, मग स्थानही तेवढेच म्हणावे काय? ठोकळा कापून त्याच्या फळ्या शेजारी मांडल्या, तर पृष्ठभाग वाढतो. ठोकळा मात्र वाढत नाही. म्हणून त्यांनी ठरवले की, स्थान म्हणजे वस्तूने व्यापलेले, बुद्धीने कल्पिलेले अंतर. अशा रीतीने स्थानाचा प्रश्न त्यांनी भूमितीच्या हाती दिला.

पुढे अब्दुल लतीफ अल्-बगदादी यांनी त्यांचे खंडन लिहिले. कित्येक शतकांनी युरोपातही अवकाश स्वयंसिद्ध आहे की वस्तूंमधील केवळ संबंध, यावर न्यूटन व लायब्निझ यांच्या पक्षांत वाद रंगला.

वाचकहो, १०४० च्या सुमारास कैरोत निवर्तलेल्या या विद्वानाकडून आपण काय घ्यावे? नाईलपुढे आपली चूक त्यांनी मान्य केली. गुरूची चूकही पुराव्यानिशी दाखवली. यांतील पहिले धैर्य नसेल, तर दुसरे केवळ उद्धटपणा ठरते. आपले मूल प्रश्न विचारील तेव्हा त्याला गप्प करू नका. पुरावा मागायला आणि स्वतःची चूक मान्य करायला शिकवा. अल्लाह आपणां सर्वांना लाभदायक ज्ञान देवो. आमीन.