श्यामची आई : पडद्यावरचा श्याम आणि खरे साने गुरुजी

आमच्या खंडाळ्याच्या वर्गात मागे 'श्यामची आई' हा चित्रपट दाखवला. २०२३ सालचा, सुजय डहाके यांचा, कृष्णधवल. आचार्य अत्र्यांचा १९५३ चा जुना चित्रपट तर पहिल्याच राष्ट्रीय पुरस्कारांत राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळवून गेला होता. रंग नाहीत म्हणून पोरं आधी कुरकुरली, पण दहा मिनिटांत सगळा वर्ग चिडीचूप! पाय मळू नयेत म्हणून श्याम हट्ट करतो आणि आई आपलं ओलं लुगडं पसरते, तिथे मागच्या बाकावरचा एक जण हळूच डोळे पुसत होता. शेजारचा त्याला हसला. म्हणून हा पाठ लिहितोय.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ चा, दापोली तालुक्यातल्या पालगडचा. घरची श्रीमंती ओसरलेली. शिक्षणासाठी वणवण फिरले, आणि त्यात आपल्या सातारा जिल्ह्यातलं औंधही आहे बरं का! तिथे हाताने शिजवून खायचं, कधी अर्धपोटी राहायचं. मग प्लेग आला आणि औंध सुटलं. पुढे पुण्यात शिकत असताना, १९१७ मध्ये आई गेली.

१९२४ पासून ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक. वसतिगृहातल्या मुलांचे कपडे धुवायचे, खोल्या झाडायचे, त्यांच्यासाठी रोज हाताने लिहून दैनिक काढायचे. (आम्हां शिक्षकांना आठवड्याचा फळा लिहायचा कंटाळा येतो!) १९३० ला नोकरी सोडून सत्याग्रहात उतरले, तुरुंगात गेले. धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरची प्रवचनं त्यांनीच उतरून घेतली. आणि नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३ मध्ये अवघ्या पाच दिवसांत 'श्यामची आई' लिहून काढलं. दिवसा तुरुंगातलं काम, उरलेल्या वेळात लेखन.

आता त्या हसणाऱ्या मुलाकडे येऊ. गुरुजी हळवे होते, फार रडायचे, हे खरंच आहे. त्यावरून त्यांची टिंगलही झाली. पण १९४७ साली काय झालं बघा. पंढरपूरच्या विठ्ठलमंदिरात दलितांना प्रवेश नव्हता. ज्याला सगळे माउली म्हणतात त्याच्याच दारात माणसं अडवलेली! गुरुजी महाराष्ट्रभर गावोगाव फिरले, लोकांची मनं वळवली, आणि १ मे रोजी पंढरपुरात उपोषणाला बसले. विरोध मोठा होता. गांधीजींपर्यंतही उलटसुलट माहिती गेली आणि त्यांनी उपोषण थांबवायला कळवलं. ज्यांना गुरू मानलं त्यांचाच निरोप, तरी गुरुजी हटले नाहीत. १० मेला मंदिर सर्वांसाठी खुलं करण्याचं ठरलं, तेव्हाच त्यांनी उपोषण सोडलं. रडणारा माणूस दहा दिवस उपाशी राहून बडव्यांचं दार उघडतो, हे मी वर्गात सांगितलं तेव्हा हसणारा गप्प झाला होता.

१५ ऑगस्ट १९४८ ला त्यांनी 'साधना' साप्ताहिक सुरू केलं. ११ जून १९५० रोजी ते गेले. पन्नाशी नुकतीच ओलांडली होती.

चित्रपट संपल्यावर मुलांनी विचारलं, सर, ते औंध लांब आहे का? खंबाटकी घाट ओलांडून साताऱ्याला जायचं आणि तिथून पुढे. यंदाची सहल तिकडेच काढायची, असा आमचा बेत चाललाय.