लपलेली उष्णता शोधणारे जोसेफ ब्लॅक

वर्गमित्रांनो आणि शाळा बघायला आलेल्या पालकांनो, पाणी आणि वाफ आपण रोज बघतो. बर्फ जत्रेत गोळेवाल्याकडे बघतो. बर्फ म्हणजे घन, पाणी म्हणजे द्रव आणि वाफ म्हणजे वायू, हे आपण परिसर अभ्यासात शिकलो. पण बर्फाचं पाणी व्हायला आणि पाण्याची वाफ व्हायला किती उष्णता लागते, हे ज्यांनी पहिल्यांदा मोजून दाखवलं ते शास्त्रज्ञ म्हणजे जोसेफ ब्लॅक. त्यांची माहिती मी इथे लिहीत आहे.

जोसेफ ब्लॅक यांचा जन्म १६ एप्रिल १७२८ रोजी फ्रान्स देशातील बोर्दो या शहरात झाला. त्यांचे वाडवडील मूळचे स्कॉटलंडचे. वडील बोर्दोला द्राक्षांच्या दारूचा व्यापार करीत. बाराव्या वर्षी जोसेफला शिकण्यासाठी आयर्लंडमधल्या बेलफास्टला पाठवलं. म्हणजे आपल्यापेक्षा दोनच वर्षांनी मोठा असताना तो आईवडिलांपासून इतका लांब राहिला! पुढे तो स्कॉटलंडमधल्या ग्लासगो विद्यापीठात गेला. तिथे त्याला विल्यम कलन नावाचे चांगले गुरू मिळाले. त्यांच्याजवळ त्याला रसायनशास्त्राची गोडी लागली.

नंतर ब्लॅक एडिंबरोला गेले आणि १७५४ मध्ये डॉक्टर झाले. त्यांनी एक वेगळीच हवा शोधून काढली. तिलाच आज आपण कार्बन डायऑक्साइड म्हणतो. चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर मारली की निवळी दुधासारखी पांढरी होते. म्हणजे आपल्या उच्छ्वासातही ती हवा असते, हे त्यांनी दाखवलं.

१७५६ मध्ये ते ग्लासगोला शिकवू लागले. त्या वेळी लोकांना वाटे की, बर्फ वितळायला आला की थोडीशी उष्णता दिली तरी सगळा पटकन वितळतो. ब्लॅक यांनी विचार केला, असं असतं तर थोडं ऊन पडताच डोंगरावरचा सगळा बर्फ एकदम वितळला असता आणि दरवर्षी भयंकर पूर आले असते. पण तसं तर होत नाही. बर्फ हळूहळू वितळतो. मग उष्णता जाते कुठे?

त्यांनी १७६१ च्या हिवाळ्यात एक प्रयोग केला. काचेची दोन सारखी भांडी घेतली. दोन्हींत सारखंच पाणी घातलं. एकातल्या पाण्याचा बर्फ केला. दुसऱ्यातलं पाणी बर्फाइतकं गार केलं, पण गोठू दिलं नाही. मग दोन्ही भांडी एका मोठ्या खोलीत टांगली. तिकडे फॅरनहाइटचे अंश वापरत. त्यात बर्फ ३२ अंशांवर वितळतो आणि पाणी २१२ अंशांवर उकळतं. गार पाणी अर्ध्या तासात ३३ वरून ४० अंशांवर गेलं, म्हणजे ७ अंश चढलं. बर्फाचं पाणी होऊन ते ४० अंशांवर यायला मात्र साडेदहा तास लागले! साडेदहा तास म्हणजे २१ अर्धे तास.

हे गणित मी वहीत करून पाहिलं. २१ गुणिले ७ म्हणजे १४७. त्यातले ३२ पासून ४० पर्यंतचे ८ अंश थर्मामीटरवर दिसले. १४७ वजा ८ म्हणजे १३९. एवढ्या अंशांची उष्णता बर्फात गेली, पण पाऱ्याला कळली नाही. आजचं अचूक माप १४४ च्या जवळ आहे. फक्त दोन भांडी आणि घड्याळ घेऊन ते किती जवळ पोहोचले बघा.

मग त्यांनी पाणी उकळून पाहिलं. थोडं पाणी पत्र्याच्या भांड्यात घालून लालभडक तव्यासारख्या लोखंडावर ठेवलं. ते सुमारे ४ मिनिटांत उकळलं. पण सगळं आटून जायला आणखी २० मिनिटं लागली. एवढा वेळ खाली उष्णता चालूच होती, पण पाणी उकळण्याच्या अंशापुढे काही तापलं नाही. सगळी उष्णता वाफेत लपून गेली. या लपलेल्या उष्णतेला अप्रकट उष्णता म्हणतात. आज आपल्याला माहीत आहे की, बर्फाचे आणि पाण्याचे बारीक कण एकमेकांना धरून असतात. ती पकड सोडवायलाच ही उष्णता खर्च होते.

आमच्या गुरुजींनी वर्गात बर्फ आणून त्यात थर्मामीटर ठेवला होता. आम्ही ढवळत होतो. बर्फ संपेपर्यंत पारा शून्याजवळच थांबला. बर्फ संपल्यावरच तो वर चढू लागला.

पालकांनो, हे आपल्या घरातही उपयोगी आहे. वरणाला उकळी आल्यावर चुलीत आणखी लाकडं घातली, तरी उघड्या भांड्यातलं वरण जास्त गरम होत नाही. नुसती वाफ जास्त जाते. म्हणून उकळी आली की जाळ कमी करावा आणि वर झाकण ठेवावं, म्हणजे लाकडं वाचतात. माझ्या आईला लांबून मोळी आणावी लागते, म्हणून मी हे मुद्दाम लिहिलं. आणखी एक. वाफेने उकळत्या पाण्यापेक्षाही जास्त भाजतं, कारण तिच्यातली लपलेली उष्णता आपल्या हातावर बाहेर येते. झाकण काढताना जपून काढा. माठातलं पाणी गार का होतं, तेही यातूनच कळतं. माठातून पाझरलेल्या पाण्याची वाफ होते. तिला लागणारी उष्णता ती आतल्या पाण्याकडून घेते.

ग्लासगो विद्यापीठात जेम्स वॅट हा तरुण कारागीर उपकरणं बनवायचा आणि दुरुस्त करायचा. वाफेच्या यंत्राचा एक नमुना दुरुस्त करताना त्याला दिसलं की, थोड्याशा वाफेने पुष्कळ पाणी तापतं. ते का, हे ब्लॅक यांनी त्याला समजावून सांगितलं. त्याला पैसेही उसने दिले. पुढे १७६५ मध्ये वाफ वेगळ्या भांड्यात थंड करायची युक्ती वॅटने स्वतः शोधली. त्यामुळे यंत्राला कोळसा कमी लागू लागला.

१७६६ पासून ब्लॅक एडिंबरोला शिकवू लागले. त्यांचे प्रयोग पाहायला दूरदूरहून, अमेरिकेहूनसुद्धा मुलं येत. एका भांड्यातून दुसऱ्यात ओतताना त्यांच्या हातून एक थेंबही सांडत नसे, असं त्यांचे विद्यार्थी सांगत. पण अप्रकट उष्णतेचा शोध त्यांनी स्वतः कधी छापला नाही. तो फक्त वर्गात शिकवला. स्वीडनमधल्या विल्के नावाच्या शास्त्रज्ञांनी हीच गोष्ट वेगळी शोधून १७७२ मध्ये छापली. मग पहिला कोण, असा वाद झाला. ब्लॅक यांची व्याख्यानं त्यांच्या मृत्यूनंतर १८०३ मध्ये पुस्तकरूपाने निघाली. मला वाटतं, त्यांनी आधीच छापायला हवं होतं. पण नाव होण्यापेक्षा त्यांना मुलांना शिकवणं जास्त आवडत असेल.

१७९९ मध्ये ब्लॅक वारले. ते जेवायला बसले होते. दुधाचा पेला मांडीवर हाताने धरलेला होता, आणि तसेच ते शांतपणे गेले. पेल्यातलं दूध सांडलं नव्हतं, असं सांगतात.

अशा या थोर शास्त्रज्ञाला आणि शिक्षकाला माझा नमस्कार.

– एक विद्यार्थी, इयत्ता चौथी